नऊ घासांत शेवट

बुधवार, १ नोव्हेंबर. जेवणानंतर.

फोनमधली बाई तारीख सांगते, मी तिच्यामागून म्हणते, म्हणजे चूक होत नाही. लाल गोल दाबला की बोलायचं, पुन्हा दाबला की गप्प बसायचं. सुनेने शिकवलं. मला अक्षर येत नाही. सत्त्याहत्तर वर्षं आलं नाही, आता येऊन तरी कुठे जाणार. हे बोलणं माझं मला. कोणी ऐकायचं नाही.

निश्चय. ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या आत ह्यांची अर्धी राहिलेली कादंबरी पूर्ण करायची.

ह्यांचं कसं, रात्रीचं जेवण झालं की चष्मा लावायचे, तीनदा खाकरायचे आणि वाचायला लागायचे. लग्न झाल्यापासून. ह्या अख्ख्या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणा बाईला नवऱ्याने कादंबरी वाचून दाखवली असेल तर तिने पुढे यावं. शेवटची कादंबरी ओकदानची. ओकदान धक्क्यावर रश्श्याची खानावळ चालवते. तिचा खलाशी वादळात गेला असं सगळे धरून चालतात. आणि एक दिवस धुक्यातून तो परत येतो. येऊन दारात उभा. ही पाठमोरी, पातेलं ढवळतेय. इथे ह्यांना खोकला आला. पुस्तक मिटलं, म्हणाले, उद्या. उद्या दवाखान्याची गाडी आली.

तर श्राद्धाला हे जेवायला येणार. भातात चमचा उभा करून आपण बाहेर पडायचं, दार लावायचं, माणूस नऊ घास खाईल एवढा वेळ थांबायचं. मग गिहो, माझा मुलगा, दाराबाहेर तीनदा खाकरणार, मग आत जायचं. त्या नऊ घासांत मी दाराला तोंड लावून ह्यांना शेवट सांगणार. ओकदान वळली की नाही. माणूस गोष्ट अर्धी टाकून गेलाय, त्याला तेवढं कळायला हवं.

वाचणार कोण, तर सून. ल्येन. ती व्हिएतनामची, पण आमची कोरियन अक्षरं फाडफाड वाचते. उच्चार मात्र असे की कोंबड्या बिचकतात. तेव्हा आधी वाचनालयाच्या गाडीतल्या कादंबऱ्या वाचून घेऊन तिचा गळा तयार करायचा, मग ह्यांच्या पुस्तकाला हात. ते कपाटात आहे, ह्यांच्या लोकरीच्या बंडीत गुंडाळलेलं. वेळ भरपूर आहे.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर.

पहिली कादंबरी. प्रेमाची. सोलच्या एका ऑफिसात एक मुलगा, एक मुलगी. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे तिथल्या लिफ्टलासुद्धा माहीत, फक्त त्या दोघांना नाही. अर्धं पुस्तक दोघं फोन हातात धरून बसतात आणि फोन करत नाहीत. ल्येनच्या डोळ्यांत पाणी. मी विचारलं, काय दुखतंय तुला. म्हणाली, आई, ती विमानतळावर एकटी उभी आहे हो. मी म्हटलं, मग बसावं, खुर्च्या असतात तिथे.

मला काही वाटलं नाही. लेखक कच्चा आहे.

शेवट दोन घासांत सांगून होतो. उरलेले सात घास ह्यांनी काय करायचं.

उद्यापासून रोज दोन प्रकरणं.

मंगळवार, ७ नोव्हेंबर.

चार दिवस वाचन नाही. ल्येन पहाटे शेडमध्ये कालवं फोडायला जाते, येते तेव्हा बोटं सुजलेली. वाच म्हटलं नाही. मी तिच्या वयाची असताना दिवसभर कालवं फोडून रात्री जागी राहून ऐकायचे. अर्थात ऐकायला डोळे लागत नाहीत.

शेजारची मालसुन आली, उकडलेली रताळी घेऊन. तिचं नेहमीचं. म्हणाली, गिहोची आई, वर्ष होत आलं, तू एकदाही धड रडली नाहीस, लोक बोलतात. मी म्हटलं, त्या दिवशी पाहुण्यांना वाढायचं होतं. म्हणाली, आणि नंतर? नंतर कालवांचा मोसम होता. म्हणाली, आणि मोसम संपल्यावर? मी तिला विचारलं, तुझं काय अडलंय माझ्या रडण्यावाचून. तिने एक रताळं सोलून माझ्या हातात ठेवलं. गोड होतं म्हणे.

शनिवार, ११ नोव्हेंबर.

डिटेक्टिव कादंबरी. पहिल्याच पानावर मुडदा, तोही चांगल्या सोसायटीत, नवव्या मजल्यावर. मी तिसऱ्या पानावर सांगून टाकलं, वॉचमनने मारला. वॉचमन पुढच्या पानावर मेला. मग म्हटलं, ती डॉक्टरीण. ती मेली. ल्येन म्हणाली, आई, आता कोणाचं नाव घेऊ नका, माणसं संपतील आणि पुस्तक उरेल. शेवटी निघाला धाकटा भाऊ. मी मनातल्या मनात त्याचंच नाव धरलं होतं, पण ल्येनने घेऊ नका म्हटलं म्हणून गप्प बसले.

पाच माणसं मेली. मला काही नाही. मी मध्ये उठून दुधी चिरून आले.

ह्यांनी वाचलेल्या कादंबऱ्यांत कोणी मरत नसे. मरायला टेकलं की कोणीतरी पेज घेऊन यायचं आणि माणूस उठून बसायचा. लेखक वेगवेगळे, पण सगळे समजूतदार.

शेवट एका घासाचा, भावाने मारलं. का मारलं हे सांगायला पातेलंभर भात लागेल.

बुधवार, १५ नोव्हेंबर.

गार वारं सुटलं. ल्येनने कपाटातून जाड रजया काढल्या. बराच वेळ कपाटाशीच होती. मी म्हटलं, रजई विणतेस की काय. मग आली आणि विचारलं, आई, बाबा रोज त्या बंडीतल्या पुस्तकातूनच वाचायचे? मी म्हटलं, त्याच्यातूनच. वर होडी आहे, पाण्यात सोडलेल्या दोऱ्या आहेत, धक्क्याचीच कादंबरी ती. तिने विचारलं, रोज? मी म्हटलं, रोज, चष्मा लावून. कधी कधी तर एकाच पानावर अख्खी संध्याकाळ जायची, छपाई फार बारीक होती. ती म्हणाली, बरं. आणि रजया उन्हात टाकायला गेली.

वाचनालयाची गाडी आली होती. ल्येनने चार जाडजूड पुस्तकं आणली. मी म्हटलं, एवढी कशाला. म्हणाली, गळा तयार व्हायचाय ना. पोरीला नाद लागला कादंबऱ्यांचा. मीच लावला.

सोमवार, २० नोव्हेंबर.

ऐतिहासिक. राजवाडा. सगळे एकमेकांना विष घालतात. मधे कविता म्हणतात, पुन्हा विष घालतात. राजाच्या आईला मी राणी समजत होते, राणीला दासी, आणि ज्याला मी राजा समजून दोनशे पानं ऐकलं तो स्वयंपाकी निघाला. त्याचंच काय ते बरं चाललं होतं.

ल्येन म्हणाली, आई, तुम्ही झोपलात. मी म्हटलं, डोळे मिटून ऐकते. म्हणाली, घोरतसुद्धा होतात. मी म्हटलं, ते मी होय म्हणत होते.

शेवट नऊ घासांत बसत नाही. राजेच अकरा आहेत.

ह्यांच्या ओकदानमध्ये माणसं मोजकी. ओकदान, खलाशी, आणि खलाशाची थोरली बहीण. बहीण मोठ्या आवाजाची, सगळ्यांत नाक खुपसणारी, आणि दर दोन प्रकरणांनी चिखलात पडते. मला वन्संची फार आठवण यायची. खलाशाची करंगळी अर्धी, दोरात सापडून तुटलेली. ह्यांचीही अर्धी होती. लेखक आमच्याच बाजूचा असणार.

उद्या ह्यांचं पुस्तक काढायचं. ल्येन म्हणाली, आधी भुताचं वाचून घेऊ आई, ते परत द्यायचंय. मी म्हटलं, बरं, पण ते शेवटचं.

रविवार, २६ नोव्हेंबर.

वाचन बंद. वर्षाची किमची घातली. कोबी मी खारवला. दरवर्षी मीच खारवते, पान चावून बघते आणि सांगते, बास. यंदाही चावलं आणि बास म्हटलं. नंतर मालसुनने एक पान तोंडात टाकलं आणि अंगणात जाऊन थुंकली. म्हणाली, हे खाल्लं तर समुद्र तहानेल. मी परत चावलं. मला ठीक लागलं. ल्येनने कोबी दोनदा धुतला, गिहोने मध्ये मुळे कापून घातले.

यंदाचं मीठच तसलं.

बुधवार, २९ नोव्हेंबर.

भुताची. मालसुन पण ऐकायला बसली, रजई डोक्यावरून घेऊन. एक माणूस बुडून मरतो आणि रोज संध्याकाळी आपल्या घरी परत येतो. ओले पाय, दाराशी पाणी. घरातले किंचाळतात, मांत्रिक आणतात, दाराला काय काय चिकटवतात. मालसुनने माझा दंड एवढा धरला की वळ उठला. मी म्हटलं, ह्यात घाबरायचं काय, घरचाच माणूस आहे, त्याला पाय पुसायला काहीतरी द्या. मालसुन म्हणाली, तू दगड आहेस. ल्येन हसली, मग हसायची थांबली.

गिहोने आज पुन्हा विचारलं, आई, तुझ्या खोलीचं दार रात्रभर उघडं का असतं, ऊब यावी म्हणून खालून जमीन तापवायची आणि दार उघडं टाकायचं, गरम काय आपण समुद्राला करतोय का. मी म्हटलं, बिजागरी गंजलीय. म्हणाला, तेल घालतो. मी म्हटलं, घालू नकोस.

कादंबरी टाकाऊ. मांत्रिकाचा शेवट. अर्धा घास.

रविवार, ३ डिसेंबर.

ल्येनने भुतानंतर आणखी एक काढली. मी म्हटलं, ठरलं काय होतं. म्हणाली, आई, ही छोटी आहे. ती छोटी नव्हती.

पुढच्या काळातली. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला रोबो. तो भांडी घासतो, गोळ्या देतो, पाठ चोळतो. मग म्हातारी मरते आणि रोबोला दुःख होतं. त्याला कळत नाही हे काय होतंय, तो स्वतःला दुरुस्तीला नेतो. दुरुस्तीवाला म्हणतो, तुझ्यात काही बिघाड नाही. ल्येन ढसाढसा. गिहो बाहेर सिगारेट ओढायला गेला, तो सिगारेट न ओढताच परत आला.

मला काही नाही. रोबोला होतं आणि मला होत नाही, म्हणून मी काय दुरुस्तीला जाऊ.

एक गोष्ट कळली नाही. तो म्हातारीला रोज पुस्तक वाचून दाखवायचा, त्याचा शेवट काय झाला ते लेखकाने दिलंच नाही. असलं विसरतात आणि म्हणे शिकलेले.

गुरुवार, ७ डिसेंबर.

बक्षीस मिळालेली. एक बाई खिडकीतून बघते. दोनशे पानं बघते. चहा गार होतो. दुसरा करते, तोही गार होतो. कोणी येत नाही. ल्येन जांभया देत वाचत होती, म्हणाली, आई, बंद करू? मी म्हटलं, पुढे वाच.

ह्या कादंबरीत मी सगळ्यांत कमी झोपले.

वाचून झाल्यावर ल्येनने विचारलं, आवडली? मी म्हटलं, तिने चहा झाकून ठेवायला हवा होता.

आता ह्यांची. ह्यापुढे सबब नाही. श्राद्ध पुढच्या गुरुवारी.

शनिवार, ९ डिसेंबर.

ल्येनचा घसा बसला म्हणे. मी आल्याचा काढा करून दिला. दुपारी फोनवर तिच्या आईशी व्हिएतनामीत तासभर बोलली, घसा व्यवस्थित. मी म्हटलं, फक्त आमच्या भाषेचाच बसलाय का. ती म्हणाली, आई, त्यापेक्षा तुम्हीच सांगा ना शेवट, तुम्हाला काय वाटतं, ती वळली असेल? मी म्हटलं, मला वाटून काय उपयोग, छापलंय तिथे.

गिहोही विचित्र वागतो. म्हणाला, आई, नको ते पुस्तक, असू दे अर्धं. मी म्हटलं, तुला काय कळतंय कादंबरीतलं. तू तर बापासारखा नाहीस. हॉटेलात गेलास की अर्धा तास यादी वाचतोस. ते कधी यादीला हात लावायचे नाहीत, म्हणायचे, शेजारच्या टेबलावर जे आहे तेच आणा. माणूस सुखी होता.

मंगळवार, १२ डिसेंबर.

आज वाचलं. मीच बंडी सोडली, पुस्तक ल्येनच्या हातात दिलं. खूण म्हणून ह्यांनी वाळलेल्या समुद्रवेलीचा तुकडा घातला होता, तो तसाच होता. ल्येनने पान उघडलं. बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, खाकर.

ती खाकरली आणि वाचायला लागली. धुकं होतं. ओकदान पाठमोरी होती. तिने रश्श्यात पुदिना घातला आणि वरून लिंबू पिळलं. मी म्हटलं, थांब, आमच्या धक्क्यावर रश्श्यात लिंबू? ल्येन म्हणाली, असं लिहिलंय. पुढे दुपारचं ऊन इतकं की ओकदानला घाम फुटला. मी म्हटलं, आताच तर धुकं होतं. ल्येन म्हणाली, विरलं. मग दाराशी फणसाचं झाड आलं. मी विचारलं, ते काय असतं. म्हणाली, वरून काटे, आत गोड गरे, आमच्या अंगणात होतं. मग म्हणाली, म्हणजे ओकदानच्या. खलाशी दारात उभा राहिला, ओकदान वळली, तिच्याशेजारी तिची आईपण उभी होती. मी म्हटलं, ही आई कुठून उपटली, आधी नव्हती. ल्येन पान न उलटता बसली. मग वाचलं, आई म्हणाली, आलास, ये, जेव. संपलं.

काही वाटलं नाही. निम्म्यावर लेखक बदललाय, हे उघड आहे. पहिला लेखक ओकदानला एवढी गोड करत नसे. ती आधी विचारेल, इतके दिवस कुठे होतास मेल्या, आणि मग पळी फेकून मारील.

पण शेवट तो शेवट. वळली. अडीच घास. बाकीच्या वेळात फणस कसा असतो ते सांगीन.

ल्येनने पुस्तक परत बंडीत गुंडाळलं. घड्या घालायला तिला फार वेळ लागला.

गुरुवार, १४ डिसेंबर. भांडी झाल्यावर.

वन्सं दुपारच्या बसने आल्या. दिसायच्या आधी ऐकू आल्या. म्हणाल्या, अगं गिहोची आई, केवढी वाळलीस, दार उघडं टाकून झोपतेस म्हणे. मालसुन भेटली होती तर वाटेत.

अंधार पडायच्या आत सगळं मांडलं, वन्संना शेवटची बस गाठायची होती. भात, सूप, मासा, नासपती, वाळवलेली पर्सिमनची फळं. मी पुस्तक ताटाशेजारी ठेवलं, ह्यांना दिसेल असं. वन्संनी माशाचं डोकं पूर्वेला आहे का बघायला चष्मा लावला आणि त्यांना पुस्तक दिसलं. म्हणाल्या, हे कालवं वाढवायच्या दोऱ्यांचं पुस्तक इथे कशाला. ल्येन म्हणाली, आत्याबाई, राहू द्या ना. वन्सं राहू देणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी उघडून मोठ्याने वाचलं. दोरी किती खोल सोडावी. पाणी किती गार असावं. शिंपले कधी धुवावेत. म्हणाल्या, मच्छीमारांना फुकट वाटली होती ही पुस्तकं, आमच्याकडे तीन पायांचं टेबल ह्याच्यावरच उभं आहे.

मी म्हटलं, हे रोज वाचायचे त्यातून. वन्सं म्हणाल्या, फानसोक? त्याला कुठलं वाचायला येत होतं. आठव्या वर्षी होडीवर गेला तो. मी चाळिशीत चर्चच्या वर्गाला जायला लागले तेव्हा म्हटलं, चल माझ्याबरोबर. तर म्हणतो, ताई, माझ्या बायकोला वाटतं मला येतं, आता शिकायला गेलो तर तिला कळेल.

गिहो पायमोज्यांकडे बघत होता. ल्येनही.

मी म्हटलं, जिल्द चुकली असणार. छापखान्यात होतं असं, वर एक, आत एक. वन्संना गप्प बसलेलं मी आज पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनीच पुस्तक मिटून होतं तिथे ठेवलं, होडी वर करून.

गिहोने तांदळाची दारू ओतली, आम्ही वाकलो. भातात चमचा उभा केला. बाहेर आलो, दार लावलं. सगळ्यांनी दाराकडे पाठ केली. मी दाराला तोंड लावलं. लिंबू, फणस, ये, जेव, सगळं तोंडात तयार होतं.

ते नाही सांगितलं. विचारलं, वळली का हो ती?

मग तोंड काढून कान लावला.

नऊ घास तसे पुष्कळ असतात. मधे काहीतरी गुरगुरलं, ते वन्संचं पोट. समुद्रावर कोणाच्या तरी होडीचं इंजिन बंद झालं. मग गिहो खाकरला. एकदा. दोनदा. तीनदा. अगदी ह्यांच्यासारखा. मी कान तसाच ठेवला.

पुढे काही आलं नाही.

गिहो म्हणाला, आई, जरा बाजूला हो, दार उघडायचंय. भात होता तेवढाच होता. गार झाला होता. आम्ही वाटून खाल्ला. वन्संना बसपर्यंत ल्येन सोडून आली, वाटेत त्या चिखलात घसरल्या म्हणे, फार लागलं नाही.

उरलेल्या भाताची उद्या पेज करीन.